फुलांवरचे चमकदार भुंगेरे: फोटो देखणा येतो, ओळख मात्र पटत नाही

पराग_वाट (प्रश्न)

फुलांवर येणाऱ्या रंगीत भुंगेऱ्यांचे फोटो काढणं चालू आहे. कॅमेरा २४ मेगापिक्सेल, एपीएस-सी सेन्सरचा. लेन्स ९० मिमी मॅक्रो. वर एक साधा फ्लॅश आणि त्यावर सोबत मिळालेली पांढरी प्लास्टिकची टोपी. बहुतेक फोटो १:१ (किडा सेन्सरवर मूळ मापाएवढाच) च्या आसपास, एफ/५.६, शटर १/२००, आयएसओ ४००.

अडचणी तीन.

चकचकीत भुंगेऱ्याच्या पाठीवर पांढराफटक चौकोन उमटतो. एक्सपोजर कमी केलं तर चौकोन जातच नाही, उलट बाकीचा किडा काळा पडतो.

पाठ शार्प आली की डोकं धूसर. डोकं धरलं की पाठ गेली. पाय तर नशिबातच नाहीत.

आणि मुख्य अडचण ओळखीची. दोन भुंगेरे अडकलेत. पहिला साधारण दीड सेंटीमीटरचा, धातूसारखा हिरवा, पंखांवर बारीक पांढरे ठिपके, फुलात डोकं खुपसून बसलेला. दुसरा लांबट, काळ्यावर नारिंगी-लाल आडवे पट्टे, पाकळ्या कुरतडणारा. दोघांचे वीस-वीस फोटो आहेत, सगळे वरून. जिथे टाकले तिथे एकच उत्तर: फार तर कुळ सांगता येईल. मग नेमका कोणता फोटो घ्यायला हवा होता?

---

भिंगवाला

पहिल्या दोन अडचणींपुरतं मी सांगतो, ओळखीचं जाणकार सांगतील.

तो पांढरा चौकोन म्हणजे तुमच्या फ्लॅशच्या तोंडाचं प्रतिबिंब. फोटो १०० टक्के मोठा करून बघा, टोपीच्या कडासुद्धा दिसतील. भुंगेऱ्याची पाठ हा बाहेर फुगलेला आरसा आहे. समोरचं सगळं तो लहान करून दाखवतो: फ्लॅश, आकाश, लेन्सचं काळं तोंड, तुमची बोटं. आरशातला दिवा एक्सपोजर कमी करून जात नाही, कारण बाकीचा किडा त्याच प्रमाणात काळा होतो. दिवाच मोठा करावा लागतो. तेवढाच प्रकाश मोठ्या जागेवर पसरला की प्रतिबिंबाची तीव्रता उतरते आणि खालचा हिरवा रंग वर येतो.

दिवा मोठा म्हणजे किड्याच्या जागेवरून बघितल्यावर मोठा. फ्लॅशवरची टोपी किड्यापासून हातभर लांब असते, तिथून ती टिकलीएवढीच दिसते. २० ते २५ सेंमी रुंदीचा पांढरा पडदा लेन्सच्या पुढच्या टोकाजवळ असा बांधा, की तो किड्याच्या जमेल तितका जवळ येईल आणि वरून थोडा पुढे वाकलेला राहील. पडद्याला ट्रेसिंग पेपर चालतो, पार्सलमध्ये येणारा पातळ पांढरा फोम त्याहून बरा. बहुतेक लोक इथवर करतात आणि तरी मधोमध गरम ठिपका राहतो, कारण फ्लॅशचं तोंड पडद्याला चिकटलेलं असतं. तोंड आणि पडदा यांत अंतर हवं, आणि दोन पदर हवेत, त्यांच्यात २-३ सेंमी पोकळी ठेवून. आतल्या पदराच्या मध्यावर अजून एक छोटा तुकडा चिकटवला की प्रकाश कडेपर्यंत सारखा होतो. तपासायला किडा नको. चकचकीत स्टीलचा चमचा पालथा ठेवून फोटो काढा. त्यात पांढरा डाग सलग, मऊ कडांचा दिसला तर जमलं.

दोन पदर म्हणजे साधारण दोन स्टॉप प्रकाश गेला (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा). फ्लॅशची पॉवर १/८ किंवा १/४ वर जाईल. मॅन्युअलवरच ठेवा, कारण काळ्या किड्याला ऑटो फ्लॅश जास्त उजळतो आणि पांढऱ्या फुलावरच्या किड्याला कमी. किड्याच्या खाली, फ्रेमच्या बाहेर, पोस्टकार्डाएवढा पांढरा पुठ्ठा धरला की पोटाकडची बाजू आणि पाय काळोखातून बाहेर येतात. नुसत्या ह्या पुठ्ठ्याने निम्मे पाय सापडतील.

लाल-नारिंगी किड्यासाठी वेगळी काळजी. एकत्रित हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सुरक्षित दिसतो आणि लाल चॅनल आधीच फुटलेला असतो. मग लाल पट्ट्यावरचे बारीक खड्डे सपाट रंगात बुडतात. लाल-हिरवा-निळा वेगवेगळा दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम लावा, फ्लॅश १/३ ते २/३ स्टॉप खाली आणा, रॉ मध्ये काढा.

आता फोकस. १:१ ची हौस सोडा. तुमच्या सेन्सरवर एफ/५.६ ला १:१ वर खोली (एका वेळी शार्प येणारी जाडी) अर्धा मिमीसुद्धा नाही, आणि भुंगेऱ्याची पाठ ७-८ मिमी उंच आहे. एफ/११ वर साधारण अशी मिळते:

१:१ वर ०.९ मिमी
१:२ वर २.६ मिमी
१:३ वर ५ मिमीच्या थोडी वर

दीड सेंटीमीटरचा किडा १:३ वर सेन्सरवर ५ मिमी येतो, म्हणजे तुमच्या कॅमेऱ्यात लांबीला जवळजवळ १३०० पिक्सेल. ओळखीला ते भरपूर. एफ/१६ आणि त्यापुढे जाऊ नका. १:१ वर एफ/१६ म्हणजे प्रत्यक्षात एफ/३२, आणि डिफ्रॅक्शनमुळे (बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे) सगळंच सारखं मऊ होतं. खोली वाढली असं वाटतं, खड्डे मात्र पुसले जातात.

ऑटोफोकस बंद. फोकस रिंगवर आधी मॅग्निफिकेशन (१:२, १:३ वगैरे) ठरवा, मग रिंगला हात न लावता अंगानेच पुढे-मागे सरका आणि सरकता सरकता ५-६ फोटोंची सलग मालिका घ्या. वरून काढताना लेन्सचा अक्ष पाठीला काटकोनात हवा. जरा जास्त तिरपा झाला की एक खांदा जातो. फोकस मानेमागची ढाल आणि पंख जिथे मिळतात तिथे. बाजूने काढताना डोळ्यावर.

स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडून एक करणं, करायचं तर किडा आणि फूल दोन्ही स्थिर हवेत. पहाटे, अंगावर दव असताना जमतं. ऊन वर आलं की शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) सतत हलतात, आणि जोडलेल्या फोटोत एका किड्याला चार शृंगिका येतात. जोडलेला फोटो टाकताना मूळ एक फोटोही टाका, नाहीतर ओळखणारा त्या भुताटकीवर डोकं खाजवत बसतो.

---

ढालपंखी

तुमचे वीस फोटो वरून आहेत, म्हणजे वीस वेळा एकच माहिती आहे. फुलावर येणारे भुंगेरे ओळखताना रंगाचा क्रमांक शेवटचा. सेटोनिया ऑराटा ही एकच प्रजाती हिरवी, तांबूस, जांभळट आणि जवळजवळ काळीही असते. पांढरे ठिपके म्हणजे पुष्कळदा वर बसलेला पुटासारखा थर असतो आणि किडा फुलांत घासून म्हातारा झाला की तो उडतो. केसांचंही तसंच. ताजा ऑक्सिथायरिया (ठिपक्यांचा एक फ्लॉवर चेफर, म्हणजे फुलांवरचा स्कॅरॅब) केसाळ आणि ठिपकेदार, जुना झालेला जवळजवळ गुळगुळीत. सोनेरी कासव-भुंगेरे तर मेल्यावर सोनं गमावून तपकिरी होतात. तेव्हा सांधे, खंड आणि कडा बघायच्या.

सगळ्यात आधी, तो भुंगेरा आहे ना? ज्वेल बग नावाचे ढेकणाच्या गणातले कीटक तसेच हिरवे-निळे चमकतात आणि भुंगेरा म्हणून रोज कुठे ना कुठे टाकले जातात. भुंगेऱ्याच्या पाठीवर मधोमध सरळ शिवण असते, कारण तिथे दोन कडक पंख येऊन मिळतात. ज्वेल बगची पाठ म्हणजे एकच अखंड ढाल, शिवण नाही. खालून बघितलं तर भुंगेऱ्याला चावायचे जबडे, बगला पोटाशी दुमडलेली सोंड.

पुढे, ह्या क्रमाने बघा.

शृंगिका. टोकाला पुस्तकाच्या पानांसारखे उघडणारे पदर असतील तर स्कॅरॅब, म्हणजे हुमणीच्या भुंगेऱ्यांचं घराणं. पदर मिटलेले असले की साधी गाठ दिसते, म्हणून थांबून तो उघडेल तेव्हाचा फोटो घ्या. करवतीसारखे बारीक दाते, शरीर नावेसारखं मागे निमुळतं आणि कडक: ज्वेल बीटल. लांब, दोरीसारखी आणि डोळ्याच्या खाचेतून निघालेली: लाँगहॉर्न. टोकाकडे हळूहळू जाड होत गेलेली, मणी ओवल्यासारखी: ब्लिस्टर बीटलमधला पट्टेवाल्यांचा गट. टोकाला सैल तिकोनी गाठ आणि अंगभर उभे केस: चेकर्ड बीटल.

पावलाचे खंड. हे कोणी काढत नाही आणि निम्मी भांडणं इथेच मिटतात. पुढच्या, मधल्या आणि मागच्या पायाच्या शेवटच्या बारीक भागाचे तुकडे मोजायचे. ५-५-५ असेल तर स्कॅरॅब, ज्वेल बीटल, सोल्जर बीटल. ५-५-४, म्हणजे फक्त मागच्या पायाला एक कमी, असेल तर ब्लिस्टर बीटल, इडेमेरिड, मॉर्डेलिड. लाँगहॉर्न आणि पानभुंगेरे यांना ४-४-४ दिसतात. खरे पाचच असतात, पण चौथा इवलासा खंड तिसऱ्याच्या दोन पाकळ्यांत दडलेला असतो.

पंखांचा मागचा शेवट. पंख पोट पूर्ण झाकतात का, टोकाशी फाकतात का? इडेमेरा गटात शिवण मागे उघडी पडते, आणि इडेमेरा नोबिलिसच्या नराच्या मागच्या मांड्या फुगलेल्या असतात. त्या फोटोत आल्या तर काम बरंच सोपं होतं. पंखांच्या मागे टोकदार शेपटीसारखा भाग बाहेर आला असेल आणि किडा पाठीत वाकलेला असेल तर मॉर्डेलिड. तोही हात लागताच गडगडत खाली पडतो, त्यामुळे एकच फोटो मिळतो असं धरून चाला.

आता तुमचे दोघे.

हिरवा बहुधा फ्लॉवर चेफर. खात्री करायला अगदी बाजूने, खांद्याच्या पातळीवर कॅमेरा आणून फोटो हवा. पंखाच्या बाहेरच्या कडेला खांद्याच्या जरा मागे खाच दिसली पाहिजे. त्या खाचेतून तो आतले पातळ पंख बाहेर काढतो आणि वरचे कडक पंख मिटलेलेच ठेवून उडतो. शिवाय वरून बघताना ढाल आणि पंख यांच्या मध्ये, कोपऱ्यात, एक छोटी तिकोनी पाचर दिसते. ह्या दोन्ही असतील तर फ्लॉवर चेफर. खाच नसेल तर ॲनोमाला ह्या स्कॅरॅबच्या घराण्याकडे बघा. त्यांच्या प्रत्येक पावलाच्या दोन नख्या सारख्या नसतात, एक मोठी एक लहान. मागच्या पावलाला एकच नखी असेल तर हॉप्लिया, हाही स्कॅरॅबच.

फ्लॉवर चेफर पक्का झाल्यावर वंशासाठी पोटाकडची बाजू लागते. मधल्या पायांच्या मधून छातीचा एक उंचवटा पुढे येतो, त्याचा आकार बघायचा. सेटोनिया ऑराटामध्ये तो गोळीसारखा गोल असतो, दिसायला जुळ्या भावासारख्या प्रोटीशिया क्युप्रियामध्ये चपटा आणि आडवा. वरून काढलेल्या हजार फोटोंतही हा फरक सापडणार नाही.

पट्टेवाला ब्लिस्टर बीटल, चेकर्ड बीटल किंवा लाँगहॉर्न यांपैकी कुणीही असू शकतो. मान बघा. ब्लिस्टर बीटलचं डोकं रुंद आणि त्यामागे मान चिमटीत धरल्यासारखी बारीक. पंख मऊ, चामड्यासारखे. ट्रायकोडेस ह्या चेकर्ड बीटलला अशी मान नाही आणि अंग केसाळ असतं. लाँगहॉर्न पट्टेवाला असला तरी त्याची शृंगिका सहसा मणी ओवल्यासारखी नसते.

---

मधमाशी_नव्हे

मोबाइलवाल्यांसाठी दोन ओळी. वाइड लेन्सचा मॅक्रो मोड वापरू नका. फोन किड्यापासून २-३ सेंमीवर न्यावा लागतो, त्याची सावली पडते आणि भुंगेरा पाय आखडून खाली पडतो. मुख्य किंवा टेली लेन्सवर क्लिपची मॅक्रो लेन्स लावा, अंतर वाढतं. फोकस-एक्सपोजर लॉक करून फोन पुढे-मागे सरकवत बर्स्ट (सलग फोटोंची मालिका) घ्या. आणि फोनचं 'ब्युटी' किंवा एआय शार्पनिंग बंद करा. गुळगुळीत पाठीवर नसलेले खड्डे आणि नसलेले केस काढून देतं ते. एकदा असा फोटो ओळखीला गेला की त्यावर चर्चा रंगते आणि किडा तिसराच निघतो.

---

एकमिमी

कोणी मापाचं बोललं नाही. 'साधारण दीड सेंटीमीटर' हा अंदाज नेहमी मोठा निघतो, कारण स्क्रीनवर बघून केलेला असतो.

पट्टी किड्याशेजारी धरायची गरज नाही, तो उडून जाईल. फोटो झाल्यावर फोकस रिंग जशी आहे तशी ठेवा आणि तळहातावर मिमीची पट्टी घेऊन अंगाने पुढे-मागे होत ती शार्प दिसेल तेव्हा एक फोटो काढा. मॅग्निफिकेशन तेच, त्यामुळे त्या फोटोतला १ मिमी किती पिक्सेलचा ते किड्याच्या फोटोला लागू.

पडताळणीसाठी: तुमचा सेन्सर २३.५ मिमी रुंद आणि ६००० पिक्सेलचा धरला तर १:१ वर १ मिमी = २५५ पिक्सेल, १:२ वर १२८. १:२ च्या फोटोत किडा १५४० पिक्सेल भरला तर तो १२ मिमीचा. कापलेल्या नव्हे, मूळ फाइलवर मोजा. डोक्याच्या पुढच्या कडेपासून पंखांच्या टोकापर्यंत मोजायचं, शृंगिका आणि पाय धरायचे नाहीत. डोकं फुलात खुपसलेलं असेल तर नुसत्या पंखांची लांबी द्या आणि तसं लिहा.

चमकेबद्दल: एवढे पडदे बांधण्यापेक्षा पोलरायझर (चमक कापणारा, एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश सोडणारा फिल्टर) लावा ना सरळ.

---

भिंगवाला

@एकमिमी, करून बघितलं की लक्षात येतं. नुसता लेन्सवरचा पोलरायझर फ्लॅशच्या चमकेला फारसं काही करत नाही, कारण जवळजवळ सरळ परतून आलेला प्रकाश ध्रुवीकृत नसतो. साधारण ५५ अंशांच्या आसपास तिरपा परावर्तित होणाराच चांगला कापला जातो. गोल पाठीवर तो कोन एका पट्ट्यापुरता असतो. म्हणजे चौकोन तसाच, वर एक काळसर पट्टा फुकट. फ्लॅशवरही पोलरायझरची फिल्म लावून दोन्ही एकमेकांना काटकोनात केले तर चमक जवळजवळ पूर्ण जाते, पण तीनेक स्टॉप प्रकाश खातं, आणि चमकच गेल्यावर खड्ड्यांच्या कडा उठून दिसत नाहीत. पाठ प्लॅस्टिसिनची वाटते. थोडी चमक हवीच.

---

ढालपंखी

त्यात अजून एक गंमत. हिरव्या-सोनेरी स्कॅरॅब भुंगेऱ्यांच्या पाठीचा थर जिन्यासारखा वळत गेलेल्या पापुद्र्यांचा असतो आणि त्यावरून येणारा प्रकाश वर्तुळाकार ध्रुवीकृत असतो. हे अल्बर्ट मायकेलसन यांनी १९११ मध्ये दाखवलं होतं. ३डी सिनेमाचा वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा चष्मा असेल तर तो डोळ्यांवर घालून आणि एकेक डोळा मिटून फ्लॉवर चेफरकडे बघा. सेटोनियासारखा असेल तर एका काचेतून हिरवाकंच आणि दुसरीतून काळपट दिसेल. ज्वेल बीटलवर हा खेळ चालत नाही, त्याची चमक साध्या सपाट थरांची. ओळखीचा पुरावा म्हणून हे वापरू नये, पण हिरवा स्कॅरॅब की हिरवा ज्वेल बीटल असा घोळ लांबून झाला तर इशारा मिळतो.

---

पराग_वाट

जुन्या फाइली पुन्हा चाळल्या. पट्टेवाल्याच्या एका फोटोत मान खरंच बारीक दिसते, शृंगिका टोकाला जाड होत गेलेली. पुढच्या पावलाला ५ खंड, मागच्याला ४ मोजले. म्हणजे ब्लिस्टर बीटल ना?

हिरव्याची खाच आणि पाचर दोन्ही आहेत. पोटाकडचा फोटो मात्र नाही. तो काढायचा कसा? हातात धरायचा?

---

ढालपंखी

हो, ब्लिस्टर बीटल, पट्टेवाल्यांच्या मायलॅब्रिनी गटातला. आणि हातात धरायचा नाही, निदान तो तरी. दाबला गेला की पायांच्या सांध्यांतून पिवळसर थेंब सोडतो, त्यात कँथारिडिन असतं. लगेच काही वाटत नाही. काही तासांनी फोड येतात. हात लागलाच तर साबण-पाण्याने धुवा आणि तोवर डोळ्यांना, तोंडाला बोट लावू नका. चाऱ्यात हे मिसळले तर घोडे दगावतात, इतकं ते जहाल आहे.

पोटाकडचा फोटो पारदर्शक डबीतून. सपाट तळाची, ओरखडे नसलेली डबी, ४-५ सेंमी व्यासाची. पेट्री डिश उत्तम.

डबी फुलाखाली धरा आणि झाकण वरून हळू आणा. घाबरलेला भुंगेरा बहुतेक वेळा सरळ खाली पडतो, म्हणून खालची बाजू महत्त्वाची. फ्लॉवर चेफर आणि ज्वेल बीटल भर उन्हात पडण्याऐवजी उडतात, त्यांना सकाळी किंवा ढग आल्यावर पकडा.

झाकणाच्या आत मऊ स्पंजचा तुकडा ठेवून तो किड्याच्या पाठीला जेमतेम टेकेल इतकंच बंद करा. किडा तळाशी स्थिर बसतो, पाय मोकळे राहतात. पाय ताणले गेले किंवा धडपड थांबली तर दाब जास्त झाला.

डबी उचलून तळ लेन्सकडे करा, लेन्स तळाला काटकोनात. फ्लॅश कॅमेऱ्यावर नको, ४५ अंशांवर बाजूला धरा, नाहीतर काचेत तोच पांढरा चौकोन परत येईल. लेन्सभोवती काळं कापड गुंडाळलं की काचेतलं तुमचं प्रतिबिंब जातं. १:१ वर मधल्या पायांमधल्या उंचवट्याचा एक, १:२ वर पूर्ण पोटाचा एक, आणि कडेने पावलांचा एक. एवढे तीन पुरेत.

सगळं सावलीत आणि दोन-तीन मिनिटांत. उन्हात बंद डबी झपाट्याने तापते, आतून वाफ धरते, फोटो जातो आणि किडाही जातो. मग त्याच फुलावर सोडा.

फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. बाहेर काढताच पाठीवर दमट थेंब धरतात आणि खड्डे झाकतात. पायही आखडलेले राहतात, मग पावलाचे खंड मोजता येत नाहीत.

---

मधमाशी_नव्हे

फूलही फोटोत घ्या ना कुणीतरी! एक फोटो फुलाचा, एक पानाचा, एक पूर्ण झाडाचा. 'पिवळं फूल' एवढ्याने काही होत नाही. आणि तो काय करत होता ते लिहा: पराग खात होता, पाकळी कुरतडत होता, की नुसता ऊन खात बसला होता. चेकर्ड बीटलमध्ये ट्रायकोडेसच्या अळ्या मधमाश्यांच्या घरट्यांत वाढतात, त्यामुळे आसपास एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांची बिळं दिसली तर तेही लिहिण्यासारखं आहे. अंगावर पराग असतील तर झटकू नका. आधी तसाच फोटो, मग वाटलं तर स्वच्छ.

---

एकमिमी

पोलरायझरबद्दल मान्य.

@पराग_वाट, टाकताना सगळे फोटो एकाच नोंदीत टाका. वरून एक, बाजूने एक, चेहरा-शृंगिका एक, पावलं एक, पोट एक, फूल एक. त्याच भुंगेऱ्याचेच हवेत. शेजारच्या फुलावरचा 'तसाच दिसणारा' दुसरा किडा त्यात आला तर नोंद बाद झाल्यात जमा. कॅमेऱ्याचं घड्याळ तपासा. समुद्रसपाटीपासूनची उंचीही लिहा.

आयनॅचरलिस्टवर (निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर) टाकणार असाल तर तिथला आपोआप सुचणारा पहिला पर्याय बरेचदा प्रजातीचा किंवा वंशाचा असतो, तो डोळे मिटून दाबू नका. फोटोवरून जेवढं दिसतं तेवढंच नाव द्या, कुळ तर कुळ. दोन-तृतीयांशांहून जास्त सहमती झाली की नोंद 'रिसर्च ग्रेड' होते, आणि पहिल्या चुकीच्या नावाला दोघांनी मान हलवली की तीच चूक पक्की होऊन बसते. नंतर खोडायला बरेच जण लागतात.

---

पराग_वाट

पट्टेवाला मायलॅब्रिस म्हणून टाकू का? सुचवणीत तेच येतंय.

---

ढालपंखी

नको. मायलॅब्रिस आणि हायक्लियस हे दोन वंश पट्ट्यांवरून वेगळे होत नाहीत, एकाच प्रजातीत पट्टे तुटतात, जुळतात, पुसट होतात. छातीच्या खालच्या पट्टीची बांधणी बघावी लागते. सध्या 'मायलॅब्रिनी' एवढ्यावर ठेवा. पुन्हा सापडला तर डबीतून पोट काढा, शृंगिकेचा एक फोटो असा घ्या की प्रत्येक खंड वेगळा मोजता येईल (११ आहेत की कमी, हे लागतं), आणि वरून काढताना दोन्ही पंख पूर्ण येऊ द्या. पट्टा शिवणीला टेकतो का, बाहेरच्या कडेला टेकतो का, हे डाव्या आणि उजव्या पंखावर वेगळं असू शकतं.

हिरव्याला 'फ्लॉवर चेफर, सेटोनिनी' (त्यांचं उपकुळ) म्हणा. बाजूच्या फोटोत मधल्या पायाच्या पुढे काही गोल टोक डोकावतंय का, ते एकदा १०० टक्के मोठं करून बघा. कधी कधी तिरप्या फोटोतही उंचवट्याची कड दिसून जाते.

---

पराग_वाट

बघितलं. कड आहे, पण धूसर. एफ/५.६.

---

भिंगवाला

एफ/११, १:२, खाली पुठ्ठा. उद्या सकाळी दव असतानाच जा, तो त्याच फुलात रात्री झोपलेला सापडण्याची शक्यता बरीच असते.